कोकिळाबाईच्या नावाची चिठ्ठी

बापूजींनी पुस्तक काउंटरवर ठेवलं नाही, टाकलं. जाडजूड पुस्तक होतं, आवाज झाला. वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या दोघांनी माना वर केल्या.

"हे घे तुहं पुस्तक," बापूजी म्हणाले.

कोकिळाबाई तेव्हा कपाटाच्या काचा पुसत होत्या. लेक सरिता आर्वीला बाळंत झाली म्हणून त्या दीड महिना रजेवर गेल्या होत्या आणि आदल्याच दिवशी कामावर परतल्या होत्या. सिंदी रेल्वे गावाच्या या सार्वजनिक वाचनालयात त्यांना शिपाई म्हणून लागून बावीस वर्षं झाली होती. त्यातली सतरा वर्षं त्या बापूजींना ओळखत होत्या. रेल्वेत फाटकवाले होते बापूजी. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते वाचनालयाचे सभासद झाले. इतक्या वर्षांत त्यांनी पुस्तकाला कधी जोरानं हात लावलेला कोकिळाबाईंनी पाहिला नव्हता.

"माहं पुस्तक? कोणतं, बापूजी?"

"चारशे बारा पानं," बापूजी म्हणाले. "भिंग घेऊन वाचली मी. एका डोळ्यानं. दुसऱ्यातून आता काईच दिसत नाई, तुले मालूम हाये. रोज दहा-बारा पानं. सदतीस दिवस. बायको असती तर म्हणली असती, ठेवा तो कचरा. मी नाई ठेवलं. वाटे, कोकिळा म्हणते, तर पुढं काहीतरी येईनच. ही पोरगी लबाड नाई बोलत."

कोकिळाबाई बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांना पोरगी म्हणणारा गावात एवढा एकच माणूस उरला होता.

"अन् शेवटी काय? पुरस्कार घेतानाचे फोटो." बापूजींनी पुस्तकावर बोट आपटलं. "माह्यापाशी आता किती दिवस वाचणं राह्यलं? वर्ष? दोन वर्षं? त्यातले सदतीस दिवस तू घेतले. काऊन केलं असं?"

कोकिळाबाईंनी पुस्तक उचललं. 'सरकी ते शिखर'. मुखपृष्ठावर वाचनालयाचे अध्यक्ष हिरालालजी फेटा बांधून उभे होते. हिरालालजींचं कापसातली सरकी-रुई वेगळी करायचं जिनिंग होतं; गाव त्यांना सेठजी म्हणे आणि गावात त्यांचा शब्द चाले. हे त्यांचं आत्मचरित्र. कोकिळाबाई रजेवर जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्या चाळीस प्रती वाचनालयात येऊन पडल्या होत्या. त्यांनी ते उघडूनही पाहिलेलं नव्हतं.

आता उघडलं. पहिल्याच पानावर पिवळ्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

*मोठं दिसते म्हणून भिऊ नका. मी दोन दिवसांत वाचलं. भाजी करपली तरी समजलं नाई. आपल्या गावचा माणूस आपल्यापाशी बसून बोलून राह्यला असं वाटते. वाचाच. — कोकिळा*

त्यांनी ती दोनदा वाचली. मग मान वर केली, तोवर बापूजी दाराशी पोचले होते. कोकिळाबाईंनी पुस्तक तसंच उघडं ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवलं आणि फरशी पुसायची बादली आणली.

---

चिठ्ठ्यांची कल्पना ग्रंथपाल समीक्षाची. चार वर्षांपूर्वी ती वर्ध्याच्या नालवाडीतून रोज रेल्वेनं येऊ लागली तेव्हा वाचनालयात परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आणि पेपर वाचणारी म्हातारी माणसं एवढेच येत. पुस्तकं कपाटात कुलूपबंद. तिनं दाराजवळ एक उघडी मांडणी लावली, वर पाटी लिहिली, 'आमची आवड', आणि ठरवलं की वाचनालयात काम करणाऱ्या प्रत्येकानं महिन्याला दोन पुस्तकं निवडून त्यावर चिठ्ठी लावायची. वाचनालयात काम करणारे तिघं. ती स्वतः, लिपिक धर्मेंद्र आणि कोकिळाबाई.

"मी काय लिहू मॅडम," कोकिळाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "माही नववी झाली."

"तुम्ही वाचता ना?"

वाचत होत्या. पुस्तकाला कसर लागली का ते पाहायला पानं उलटायची, ती उलटता उलटता वाचायची सवय लागली. बावीस वर्षांत पाच कपाटं संपली होती. घरी नवरा विचारायचा, पगार झाडायचा घेते का वाचायचा.

समीक्षाच्या चिठ्ठ्या नीटनेटक्या असत: 'मानवी नात्यांचा हळुवार वेध.' धर्मेंद्र फक्त 'छान आहे' लिही, कारण त्याला शिकारकथांपलीकडे काही आवडत नसे. कोकिळाबाईंनी पहिल्या चिठ्ठीत लिहिलं: 'पहिली तीस पानं माणूस नुसता चालते. चालू द्या. पुढं ठेववत नाई.' ते पुस्तक एकवीस वर्षांत चौघांनी नेलं होतं. त्या महिन्यात अकरा जणांनी नाव लावलं.

एका स्वयंपाकाच्या पुस्तकावर त्यांनी लिहिलं, 'तेल लई सांगतलं, त्यात आपला महिना निघते. पण मधल्या गोष्टी वाचा.' एका गाजलेल्या कादंबरीवर लिहिलं, 'नाव मोठं. मले नाई आवडलं. तुमाले आवडलं तर सांगाले येजा.' लोक खरोखर सांगायला येऊ लागले. भांडायलाही येऊ लागले. शिवणकाम करणाऱ्या प्रमिलाबाई, ज्यांनी लग्नानंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं, त्या दर शनिवारी येऊन आधी विचारत, "कोकिळाची नवीन लागली का?" चिठ्ठी आवडो न आवडो, एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कोकिळाबाईंनी पूर्ण वाचल्याशिवाय चिठ्ठी लावली, असं कधी झालं नव्हतं.

---

समीक्षा साडेदहाच्या गाडीनं आली. कोकिळाबाईंनी तोवर सगळी फरशी पुसून काढली होती, जी सोमवारी पुसायची ती मागची खोलीसुद्धा. समीक्षानं पर्स ठेवली, पाण्याची बाटली काढली, आणि टेबलावर उघडं ठेवलेलं पुस्तक पाहिलं. बाटली तिनं तशीच खाली ठेवली.

"ताई, मी तुम्हाला सांगणारच होते."

"कवा?"

"तुम्ही कालच आलात. बाळाचं विचारावं, मग..."

"हे कोणं लिवलं?"

समीक्षानं दाराकडे पाहिलं. धर्मेंद्र नोंदवहीत डोकं घालून बसला होता.

"मी," ती म्हणाली. "प्रफुलभाऊ आले होते." प्रफुल म्हणजे वाचनालयाचा कार्यवाह, बाजारात त्याचं कापडाचं दुकान. "सेठजींच्या वाढदिवसाआधी पुस्तक लोकांच्या हातात गेलं पाहिजे म्हणाले. चाळीस प्रती तशाच पडल्या तर बरं दिसत नाही. आणि कोकिळाबाईच्या चिठ्ठीशिवाय इथं पुस्तक हलत नाही, ती प्रत्येक प्रतीवर लावा. मी सांगितलं, त्या रजेवर आहेत. तर म्हणाले, मग तुम्ही लिहा, तुम्हाला येतंच की तसं."

"अन् तुमाले आलं."

"ताई, त्या महिन्यात माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, याच्यावर बैठक होती. तुम्हाला माहीत आहे."

"मालूम हाये. मंग समीक्षा म्हणून लिवाचं होतं. तुमचं नाव नाई का?"

समीक्षानं पुस्तक मिटून बाजूला सरकवलं.

"एक सांगा," कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की धर्मेंद्रला पेन थांबवावं लागलं. "तुमी वाचलं का हे?"

"चाळलं."

"वाचलं का?"

"नाही."

कोकिळाबाईंनी खुर्ची ओढली आणि समीक्षासमोर बसल्या. बावीस वर्षांत त्या ग्रंथपालाच्या टेबलासमोर बसल्या नव्हत्या. उभ्यानं बोलायची त्यांना सवय होती.

"माह्या घरातून भांडं नेलं असतं, मी म्हटलं असतं, जाऊ द्या, गरज असन. नाव तर माहं भांड्यापेक्षा हलकं असन, तुमाले वाटलं. त्या म्हाताऱ्यानं एका डोळ्यानं चारशे पानं वाचली मॅडम. त्याले वाटे, कोकिळा म्हणते. मी तवा आर्वीले नातीचे लंगोट धुवून राह्यली होती."

"मी माफी मागते."

"मले नको मागू," कोकिळाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी तिला एकेरी संबोधलं, आणि दोघींनाही ते कळलं. "अन् भाजी करपली कोठून काढलं? ते मी खरंच लिवलं होतं, त्या विहिरीच्या पुस्तकावर. त्या दिवशी माही भाजी खरंच करपली होती."

---

बदलाच्या नोंदवहीत कोकिळाबाईंनी बोट फिरवलं. 'सरकी ते शिखर' एकतीस जणांनी नेलं होतं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर एकतीस नावं उतरवून घेतली. समीक्षानं चिठ्ठीचा फोटो वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकला होता. खाली अंगठे होते, हात जोडलेले होते, 'कोकिळाताई, आज घेऊन जातो' होतं.

धर्मेंद्र म्हणाला, "ताई, चिठ्ठ्या मी आत्ता फाडतो सगळ्या. विषय संपला."

"नाई. हात लावू नको. आधी मी वाचतो पुस्तक."

"काऊन?"

"लोकं विचारतीन, कसं हाये. तवा काय सांगू, मीबी नाई वाचलं?"

चार दिवस त्यांनी ते वाचलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, घरी गॅसजवळ उभ्यानं, सकाळी नवरा उठायच्या आधी. रागानं वाचलं. पहिली साठ पानं पूर्वज आणि त्यांचे गुण. मग संघर्षाचं अग्निकुंड, त्यातून तावून सुलाखून निघणं, जिद्दीचे पंख. हे शब्द दर तिसऱ्या पानावर यायचे. मग परदेश दौरा, हॉटेलच्या नाश्त्यासकट. नव्वद पानं तरुणांना उपदेश. इतक्या वाक्यांत एकही माणूस दाराशी चप्पल काढून आत आला नव्हता, कोणी खोकललं नव्हतं. कोकिळाबाईंना प्रत्येक पानाला बापूजींचं भिंग दिसे.

आणि मग पान एकशे त्र्याऐंशी आलं.

तिथं हिरालालजींची आई होती. मनकर्णाबाई. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कापूस हातात घेतला की तो कोणत्या वेचणीचा, किती ओला, कोणत्या रानाचा ते सांगायची. बोंडातली रुई चिमटीत ओढून ती कानाजवळ न्यायची आणि तुटताना होणारा आवाज ऐकायची. व्यापारी हसायचे. एकदा नवऱ्यानं ओला माल कोरडा म्हणून विकला, तर ही भर बाजारात जाऊन गिऱ्हाइकाला सांगून आली. घरी आल्यावर नवऱ्यानं तिला काय केलं ते दोन ओळींत लिहिलं होतं, आणि आठ वर्षांचा मुलगा तेव्हा पोत्यांमागे लपला होता, बाहेर आला नाही, हेही लिहिलं होतं. वाक्यं आखूड होती. एक-दोन तर अर्धीच सोडलेली. बारा पानं. एकशे पंचाण्णवपासून पुन्हा जिद्दीचे पंख सुरू झाले.

कोकिळाबाईंनी ती बारा पानं तीनदा वाचली. आणि त्यांचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सगळं पुस्तक वाईट असतं तर सोपं होतं. आता या चांगल्या बारा पानांच्या बाजूनंही त्यांना बोलावं लागणार होतं.

त्या एकतीस जणांकडे जाऊ लागल्या. काही वाचनालयातच भेटले, काहींना फोन केला, काहींच्या घरी सुटल्यावर गेल्या. सांगायच्या एकच: "ते माहं नोहतं. मी लिवलं नाई." बरेच जण हसले. कोणी म्हणालं, जाऊ द्या ना बाई, आम्ही कुठं वाचलं, नेलं आणि ठेवलं. प्रमिलाबाई मात्र शिलाई मशीनवरचा पाय न थांबवता म्हणाल्या, "मले वाटलं, तुह्यावर दबाव आला असन. नाईतर सेठजीनं लेकीच्या बाळंतपणाले काही देल्लं असन. कोणाचं काय, माणसाले करावं लागते."

"तुले असं वाटलं?"

"वाटलं. मंग तुह्या मागच्या चिठ्ठ्याबी आठवल्या. म्हटलं, त्याबी अशाच असतीन का."

कोकिळाबाई तिथं पुढं एक मिनिटही थांबल्या नाहीत.

बापूजींकडे त्या शेवटी गेल्या. स्टेशनमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत बापूजी खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्याच दिवशी काऊन नाई बोलली?"

"मलेच समजलं नोहतं, बापूजी."

"हं." बापूजींनी खाटेवरचं भिंग उचलून बाजूला ठेवलं. "दिवस तर गेले नं."

"गेले," कोकिळाबाई म्हणाल्या. त्यांच्यापाशी परत द्यायला काही नव्हतं, आणि खोटं बोलायला त्या आल्या नव्हत्या. "त्या मायवाली पानं वाचली का तुमी? कानापाशी रुई धरते ती?"

"ते हो," बापूजी म्हणाले. "तेवढं होतं. पण तोवर मी एवढा चिडलो होतो, नीट वाचलंच नाई."

---

त्या रविवारी कार्यकारिणीची बैठक होती. वर्तमानपत्राच्या खोलीत टेबलं जोडून सात जण बसले. समीक्षा इतिवृत्ताची वही घेऊन कोपऱ्यात. कोकिळाबाईंनी चहा आणला, सगळ्यांपुढे ठेवला आणि ट्रे हातात घेऊन तिथंच उभ्या राहिल्या.

हिरालालजी चौऱ्याहत्तर वर्षांचे, बारीक अंगाचे. फोटोतल्यासारखे मुळीच दिसत नसत. त्यांनी कप उचलता उचलता म्हटलं, "कोकिळाबाई, बरं झालं भेटल्या. तुमची चिठ्ठी वाचली मी. वर्ध्याहून, नागपूरहून पत्रं आली मला, सत्कार झाले. पण सगळ्यात जास्त खुशी तुमच्या चिठ्ठीची झाली. घरी सुनेला वाचून दाखवली. म्हटलं, ही बाई कोणाचं खोटं लिहीत नाही."

कोकिळाबाईंनी या वाक्याची तयारी केली नव्हती. सेठजींना माहीत असेल, त्यांनीच सांगितलं असेल, असं धरून त्यांनी आठवडाभर मनात भांडण रचलं होतं.

"सेठजी, ती चिठ्ठी माही नाई," त्या म्हणाल्या.

"बाई, चहा झाला ना?" प्रफुल मध्येच बोलला. "विषयपत्रिका मोठी आहे आज."

"तेच सांगून राह्यली. वहीत लिवा. कोकिळा शिपाई रजेवर होती, तिनं पुस्तक वाचलं नोहतं, तिच्या नावानं दुसऱ्यानं लिवलं. असं लिवा. मंग मी जातो."

हिरालालजींनी कप खाली ठेवला. "मॅडम? काय आहे हे?"

समीक्षाच्या हातातलं पेन वहीवर टेकलेलं होतं. "थोडा गैरसमज..." तिनं सुरुवात केली. कोकिळाबाई तिच्याकडे बघत राहिल्या, आणि ते वाक्य पुढं गेलं नाही. "मी लिहिली, सर," समीक्षा म्हणाली. "कोकिळाताईंची नाही. प्रफुलभाऊंनी सांगितलं म्हणून."

"मी चिठ्ठी लिहा म्हटलं," प्रफुल म्हणाला. "कोणाच्या नावानं लिहा, असं म्हटलं नाही."

"म्हटलं होतं," समीक्षा म्हणाली. "धर्मेंद्र होता तिथं."

धर्मेंद्र दारात उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खाली बघून मान हलवली, होकाराची.

हिरालालजी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज कडक झाला होता, "आता वाचलं का तुम्ही पुस्तक?"

"वाचलं. पूर्ण."

"काय वाईट आहे त्याच्यात?"

"सेठजी, जाऊ द्या आता," कोणीतरी म्हणालं.

"जाऊ नका देऊ. सांगा."

कोकिळाबाईंनी सांगितलं. साठ पानं पूर्वजांची, पण त्यातला एकही जिवंत वाटत नाही. उपदेश ज्यांना केला, ते तरुण पोरं समोरच्या खोलीत अभ्यास करतात, त्यांना कोणी विचारलं नाही. नाश्ता सहा वेळा आहे, भूक एकदाही नाही. त्या ट्रे छातीशी धरून बोलत होत्या आणि एकामागून एक पानांचे आकडे सांगत होत्या. प्रफुलनं दोनदा त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. हिरालालजींनी दोन्ही वेळा हात वर करून त्यालाच थांबवलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"अन् एकशे त्र्याऐंशी ते एकशे चौऱ्याण्णव," कोकिळाबाई म्हणाल्या, "तेवढं खरं हाये. ते मी कोणालेही द्याले तयार हाये. ते कोणं लिवलं मले मालूम नाई, पण बाकीचं लिवणाऱ्यानं नाई लिवलं."

हिरालालजींचं बोट थांबलं.

"ते मी लिहिलं," ते म्हणाले. "हातानं. बाकीचं नागपूरचे एक साहेब आहेत, त्यांना मी बोलून सांगितलं, त्यांनी लिहून दिलं. आईचं त्यांना सांगता आलं नाही मला. म्हणून रात्री बसून लिहिलं. साहेब म्हणाले, हे बाकीच्याशी जमत नाही, काढून टाकू. मी म्हटलं, राहू द्या."

"मंग तुमाले तर समजाले पाह्यजे, सेठजी," कोकिळाबाई म्हणाल्या. "दुसऱ्यानं आपल्या तोंडून बोललं तर कसं लागते."

त्यांनी ट्रेखालून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. पिवळाच कागद. *पान १८३ पासून १९४ पर्यंत वाचा. दोनदा वाचा. बाकी वेळ असन तर पाहा. — कोकिळा, पुस्तक पूर्ण वाचून.*

हिरालालजींनी ती वाचली. घडी केली. कोटाच्या खिशात टाकली. "जुन्या चिठ्ठ्या काढून टाका," ते समीक्षाला म्हणाले, आणि उठून गेले. नवी चिठ्ठी लावा की नको, यावर ते काहीच बोलले नाहीत.

ते गेल्यावर प्रफुलनं ठराव सांगितला: यापुढे 'आमची आवड'च्या प्रत्येक चिठ्ठीवर कार्यवाहाची सही लागेल. शिस्त म्हणून.

"लिवा," कोकिळाबाई म्हणाल्या. "अन् त्याच्या खाली हेबी लिवा, कोकिळा शिपाई आता चिठ्ठी लिवणार नाई."

समीक्षानं दोन्ही लिहिलं. शिवाय कुणी न सांगता, रजेचं आणि खोट्या चिठ्ठीचंही लिहिलं, स्वतःच्या नावासकट. प्रफुल सही करताना ते वाचून थबकला. पण बाकीचे पाच जण बघत होते.

---

पावणेतीन महिने दाराजवळच्या मांडणीवर सही-शिक्क्याच्या चिठ्ठ्या होत्या. 'मानवी नात्यांचा हळुवार वेध', खाली प्रफुलची सही. धर्मेंद्रचं 'छान आहे', खाली प्रफुलची सही. पुस्तकं तिथंच राहिली. लोक आत येत, मांडणीकडे बघत, आणि कोकिळाबाईंना गाठून हळूच विचारत. त्या सांगत नसत.

"लिवणार नाई म्हणाली तू, बोलणार नाई कुठं म्हणाली," प्रमिलाबाई चिडून म्हणाल्या.

"तुले तर माह्या जुन्याबी खोट्या वाटत होत्या."

"वाटल्या म्हणून तोंडावर सांगतलं नं मी. पाठीमागं नाई बोलली."

हे खरं होतं. कोकिळाबाईंनी तरीही काही सांगितलं नाही. प्रमिलाबाई तिथून सरळ सूचना वहीकडे गेल्या. ती वही वर्षानुवर्षं कोरी असे. पंखा दुरुस्त करा, एवढंच कधीतरी. त्यांनी कापडावर खडूनं खुणा करतात तशा ठळक अक्षरांत लिहिलं, 'कोकिळाच्या चिठ्ठ्या बंद काऊन पडल्या याचं उत्तर पाहिजे.' दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्याखाली चार पानं भरली. परीक्षेवाल्या मुलांनी लिहिलं. बापूजींनी आपल्या थरथरत्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, की मला पुस्तक निवडायला आता वेळ नाही, मला विश्वासाचं माणूस पाहिजे. एकानं तर लिहिलं की कार्यवाहांनी सही केलेली सहा पुस्तकं त्यांनी स्वतः वाचली आहेत का, ते कळवावं.

वाचनालयाची सरकारी तपासणी जवळ आली होती आणि सूचना वही तपासणीत मागतात. प्रफुल एका सकाळी काउंटरवर आला. "बाई, तुम्ही लिहायला लागा. सहीची गरज नाही."

"ठराव हाये नं."

"तो मी बघतो."

"बघा. कागदावर आलं की लिवतो."

ठराव रद्द झाला. कोकिळाबाईंनी तो वहीत स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, तारखेसह, आणि मगच पिवळ्या कागदाचा गठ्ठा मागितला. हिरालालजी मात्र त्या रविवारनंतर वाचनालयात आले नाहीत. समोरून गाडी गेली आणि नजर पडली तरी त्यांनी मान हलवली नाही. कोकिळाबाईंनीही नाही.

एका दुपारी समीक्षा तिच्या टेबलावरून उठून आली. हातात एक बारीकसं प्रवासवर्णन होतं आणि चिठ्ठी. "ताई, ही मी लिहिली. दोनदा वाचून लिहिली. एकदा बघता का, कशी झाली?"

"मले नका दाखवू."

"चूक असेल तर..."

"तुमी वाचलं. तुमचं नाव हाये. मंग चुकलं तर तुमचं चुकलं." कोकिळाबाईंनी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग उचलला. बैठकीत समीक्षानं स्वतःचं नाव वहीत लिहिलं, ते त्या विसरल्या नव्हत्या. त्याआधीचंही विसरल्या नव्हत्या. प्रमिलाबाईच्या मशीनचा तो न थांबलेला पाय अजून कधी कधी त्यांच्या डोळ्यांपुढे येई.

समीक्षा तशीच उभी होती. "तुम्ही अजून रागावल्या आहात माझ्यावर."

"हो," कोकिळाबाई म्हणाल्या. "हाये राग. जवा जाईन तवा जाईन, मी त्याले धरून नाई बसली. हे अर्धे घ्या तुमी. तिसऱ्या कपाटात लावाचे हायेत."

समीक्षानं अर्धी पुस्तकं घेतली, आणि दोघी कपाटाकडे गेल्या.